बिनआवाजाचा व्हिडिओ

ज्या माणसावर मी भर दुकानात पहिल्यांदा ओरडले, तो त्या दुकानाचा मालक नव्हताच.

भोकरदनच्या बसस्टँडजवळ राधेश्यामशेठचं टीव्हीचं दुकान आहे. दसरा होऊन गेला होता तरी पाऊस जायचं नाव घेत नव्हता. फुटलेला कापूस झाडावरच भिजून काळा पडत होता. माझी ओढणी ओली, केस ओले, आणि डोकं मात्र तापलेलं. पिशवीतून टीव्हीचा डबा काढून मी काउंटरवर आपटला. डबा म्हणजे तळहाताएवढा काळा बॉक्स. जुन्या टीव्हीला लावला की इंटरनेटही दिसतं आणि पेनड्राइव्हही चालतो, असं सांगून शेठनी तो आमच्या अण्णांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, गळ्यात मारला होता.

"फसवायला आम्हीच सापडलो का तुम्हाला? मावसबहिणीच्या लग्नाचा व्हिडिओ लावला, तर सनई ऐकू येते, मंगलाष्टकं ऐकू येतात, आणि पडद्यावर नुसता काळोख! अण्णा विचारतात, हे लग्न हाय का रेडिओ? सगळी भावकी जमली होती बघायला. शोभा झाली आमची."

काउंटरच्या आतला तरुण शांतपणे ऐकत होता. सावळा, उंच, डोळ्यांत हसू दाबून धरलेलं.

"आणखी?" तो म्हणाला.

"आणखी काय आणखी?"

"न्हाई, बोलून घ्या सगळं. शेठ जेवायला गेल्ते. मी रिमोटचे सेल घ्यायला आल्तो, ते म्हणले आतून घे. पण तुम्ही इतकं छान भांडून राह्यल्या... मधी बोलावंसं न्हाई वाटलं."

धरणीने पोटात घ्यावं असं मला झालं. पण माघार घेणं आमच्या रक्तात नाही. "मग ऐकलंत कशाला फुकटचं?" असं म्हणून मी उलटी त्याच्यावरच उखडले. तो खळखळून हसला. मग त्याने माझा पेनड्राइव्ह घेतला, दुकानातल्या टीव्हीला लावला आणि म्हणाला, "मोंढ्यात कधी गेल्त्या का? पोत्यावर सोयाबीन लिहिलंय म्हणून आत सोयाबीनच असंल असं न्हाई. फाइलचं नाव म्हणजे नुसतं पोतं. आतला माल नव्या पद्धतीनं दाबून भरलाय. तुमच्या डब्याला आवाज तेवढा काढता येऊन राह्यला, चित्र काही काढता येईना."

"म्हणजे माल काढून जुन्या पद्धतीनं पुन्हा भरायचा," मी म्हणाले. "शाळेत संगणक शिकवते मी."

"बराबर!" त्याने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, की ओली ओढणी सारखी करायला माझा हात आपोआप वर गेला...

त्याचं नाव माऊली. हसनाबादचा, शेतकऱ्याच्या घरचा. शेती बघून उरलेल्या वेळात तालुकाभर लोकांचे टीव्ही, डबे, वायफाय लावून द्यायचा. मी हे हसत हसत सांगतेय त्यावर जाऊ नका. या गोष्टीत हसण्यासारखं जे काही आहे, ते बहुतेक सगळं सुरुवातीलाच संपतं.

व्हिडिओ दुरुस्त करून तो स्वतः घरी घेऊन आला. अण्णांच्या शेजारी बसून त्याने सगळं लग्न पाहिलं, मधूनमधून "हे कोण?" असंही विचारत राहिला. अण्णा खूश. माझे अण्णा, रामप्रसाद, तसे कोणाला पटकन घरात घेणारे नाहीत. पण माऊलीने त्यांना मोबाइलवरचं टीव्हीवर कसं पाठवायचं ते दाखवलं, बाजारभावाचे व्हिडिओ लावून दिले, आणि अण्णा त्याचेच झाले. जाताना उंबऱ्याजवळ तो हळूच म्हणाला, "मॅडम, परत काही बिघडलं तर सांगा."

"आणि नाही बिघडलं तर?"

"मंग... अवघडच हाय."

मी दार लावलं आणि तशीच दाराला टेकून उभी राहिले. आईने आतून विचारलं, काय झालं गं? मी म्हणाले, काही नाही. आणि त्या दिवसापासून आमच्या घरात काही ना काही बिघडायला लागलं.

लपवून काय करू? मीच बिघडवत होते. शाळेतून आल्यावर लॅपटॉप घेऊन बसायचं. आईने शूट केलेली हळदीकुंकवाची गंमत असो, नाहीतर अण्णांच्या मित्राच्या बैलजोडीचा व्हिडिओ, तो घ्यायचा आणि आमच्या डब्याला पेलणार नाही अशा पद्धतीने पुन्हा दाबून भरायचा. चित्र घालवायचं आणि आवाज ठेवायचा. हे जमायला मला पुष्कळ शिकावं लागलं. नीट बिघडवणं हे दुरुस्तीपेक्षा सोपं नसतं! मग संध्याकाळी अण्णा टीव्ही लावायचे, काळोख बघून कपाळावर हात मारायचे आणि म्हणायचे, "बोलव गं त्या माऊलीला. त्याच्याबिगर आपल्या घरचं काही चालत न्हाई."

आणि मी चित्रच का घालवायचे, ते सांगते. पडदा काळा असला की त्यात खोली दिसते. अण्णा खुर्चीत, आई स्वयंपाकघराच्या दारात, तो टीव्हीजवळ उकिडवा बसलेला आणि त्याच्या मागे मी. सगळ्यांच्या देखत आम्ही त्या काळ्या काचेत एकमेकांकडे बघत बसायचो. टीव्हीतून बैलांच्या गळ्यातल्या घुंगरांचा आवाज चाललेला, अण्णा विचारणार "समजलं का रे काय झालं ते?", आणि तो काचेतून माझ्या डोळ्यांत बघत म्हणणार, "समजून राह्यलं, अण्णा. थोडा टाइम लागंल."

एकदा चहाचा कप देताना तो पुटपुटला, "तुमच्या घरचं बिघडणं लय नीटनेटकं असतं, मॅडम."

"म्हणजे?"

"फाइल आपोआप अशी होत न्हाई."

मी कानापर्यंत लाल झाले. "नसेल होत. मग येऊ नका."

"मी कुठं तक्रार करून राह्यलो?" तो बशीत फुंकर घालत म्हणाला. "फक्त बैलांचा व्हिडिओ नका बिघडवत जाऊ. अण्णाला लय वाईट वाटतं."

म्हणजे त्याला पहिल्यापासून ठाऊक होतं! आणि तरी तो हसनाबादहून भोकरदनला, चिखल तुडवत, मोटारसायकल घसरवत यायचा, जे मी बिघडवलंय ते दुरुस्त करायला. त्या संध्याकाळी मला जेवण गेलं नाही. इतकं सुख झालं होतं, की पुढे काहीतरी वाईट होणार, असं उगाचच वाटून गेलं.

वाईट काय होणार ते त्यानेच मला सांगितलं. शाळा सुटल्यावर मी बसस्टँडकडून घरी जाताना तो कधी कधी भेटायचा. रसवंतीच्या बाकावर आम्ही समोरासमोर बसायचो, ओळखीचे नुसते बसतात तसे. मी विचारलं, "अण्णांशी कधी बोलणार?"

त्याने ग्लासातला बर्फ हलवला. "ताई हाय ना घरात."

त्याची थोरली बहीण, सत्यशीला. तिचं एकदा ठरून मोडलं होतं. त्यात तिचा काडीचा दोष नव्हता, पण तेव्हापासून स्थळं यायची, पोहे खाऊन जायची आणि निरोप द्यायची नाहीत. आमच्या आईच्याही कानावर ते आलं होतं. घरात थोरली बहीण बिनलग्नाची असताना धाकट्या भावाची सोयरीक बोलायची नाही, हा आमच्याकडचा रिवाज. त्याच्या वडिलांनी तर देवापुढे बोलून ठेवलं होतं, की पोरीला आधी उजवीन, मगच पोराचं बघीन.

"मी आज मागणी घातली," माऊली म्हणाला, "तर लोक म्हणतील, भावालाच धीर न्हाई, म्हणजे पोरीतच काही खोट हाय. मंग तिला कोण करून घेईल? थोडं थांबशील?" पहिल्यांदाच तो मला 'तू' म्हणाला होता. मी थांबेन म्हणाले. थांबण्यात काय जातं, असं मला तेव्हा वाटलं...

पुढचा दसरा जवळ आला आणि भुजंगमामा, म्हणजे आईचा भाऊ, एक स्थळ घेऊन आला. पिंपळगाव रेणुकाईचे अप्पाराव, भरल्या घरचे, नावाजलेले. मुलगा गिरिधर पुण्यात नोकरीला. त्याला सुट्टी नव्हती म्हणून मामाने नवीनच टूम काढली. आधी मुलीचा व्हिडिओ पाठवायचा. अप्पारावांना मोबाइलवर धड दिसत नाही, तर ते भावकीला बोलावून मोठ्या टीव्हीवर बघणार, मुलगा पुण्याहून फोनवर हजर राहणार, आणि पटलं तर बघण्याचा कार्यक्रम वगैरे काही नाही, त्याच बैठकीत सुपारी फोडायची.

सुपारी फुटली की संपलं. आमच्याकडे सुपारी फुटल्यावर मागे फिरणारा बाप मान वर करून मोंढ्यात फिरू शकत नाही.

अण्णांनी मला विचारलं. हेच तर माझं दुखणं आहे. ते ओरडले असते तर मी दुप्पट ओरडले असते. पण ते जवळ बसले, डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "बाई, तुझ्या मनात कोणी असंल तर सांग. मी न्हाई म्हणणार न्हाई. त्याला म्हणावं, घरच्यांना घेऊन ये."

घरच्यांना घेऊन ये! नेमकं तेच तर होणार नव्हतं. मी माऊलीचं नाव घेतलं असतं तर अण्णांनी त्याच्या वडिलांना फोन लावला असता, आणि तिकडून नकार आला असता. नाव उघडं पडलं असतं ते सत्यशीलाताईचं. मी मान हलवली. कोणी नाही म्हणाले. माऊलीला रसवंतीवर गाठून सांगितलं, तर त्याचा चेहरा पांढरा पडला. मीच म्हणाले, "मी बघते. हे स्थळ मोडतं की नाही ते बघा तुम्ही."

"कसं?"

"ते तुम्हाला नाही सांगणार."

व्हिडिओ गच्चीवर काढला. मामाने मोबाइल धरला. हिरवी साडी, गजरा, मागे ढग. अर्पिता असं नाव सांगितलं, शिक्षण सांगितलं, शाळेत काय शिकवते ते सांगितलं. आई कौतुकाने बघत होती. मग मी लॅपटॉप उघडला.

या वेळी मी चित्राला हात लावला नाही. चित्र गेलं असतं तर ते "चालत नाही" म्हणून मोकळे झाले असते, आणि मोबाइलवर बघून घेतलं असतं. मी आवाज बदलला. आमच्या डब्याला कळणार नाही अशा पद्धतीचा आवाज भरला. राधेश्यामशेठनी तालुकाभर एकाच जातीचा डबा विकला होता, अप्पारावांकडेही तोच, हे मामाकडून काढून घेतलं होतं. आमच्या टीव्हीवर लावून बघितलं. मी स्वच्छ दिसत होते, ओठ हलत होते, आणि शब्द एकही नाही. माणसांचा स्वभाव मला ठाऊक आहे. दिसत नाही तिथे माणसं यंत्राला दोष देतात, पण मुलगी दिसते आणि बोलत नाही म्हटल्यावर मुलीवरच संशय घेतात. तोतरी असेल, आवाज पुरुषी असेल, लपवतायत काहीतरी. एवढं मनात आलं की भरल्या घरची माणसं सुपारी फोडत नाहीत. मी पेनड्राइव्ह अण्णांच्या हातात दिला आणि कित्येक दिवसांनी शांत झोपले.

सकाळी अण्णा धोतर नेसून तयार झाले. मामा जीप घेऊन आला. आणि जीपमध्ये मागच्या सीटवर, मांडीवर वायरींची पिशवी घेऊन, माऊली बसला होता.

मी दारातच थिजले. अण्णा हसत म्हणाले, "आपल्या घरचं कधी धड चाललंय का त्याच्याबिगर? म्हटलं, चल बाबा सोबत. तिथं लोकात शोभा नको."

वर्षभर मी एकेक फाइल बिघडवून अण्णांना तेच तर शिकवलं होतं. माऊलीने माझ्याकडे पाहिलं. त्याला अण्णांना नाही म्हणता आलं नसणार. काय म्हणणार होता? मी डोळ्यांनी विनवलं, काही करू नका... नुसते बसून राहा. त्याला कळलं असेल असं मी धरून चालले. जीप पावसात दिसेनाशी झाली.

दुपार कलली तेव्हा जीप परत आली. माऊली त्यात नव्हता, तो वाटेतच उतरला होता. अण्णांच्या हातात पेढ्यांचा बॉक्स होता, कपाळावर अबीर. "जमलं गं मीना!" ते दारातूनच आईला म्हणाले. "सुपारी फोडली!"

अण्णा पाणी प्यायचेही थांबले नाहीत. "आधी काय फजिती झाली म्हणून सांगू! चित्र दिसून राह्यलं, आवाजच न्हाई. लोक हसायला लागले. मला तर जमीन फाटावी वाटलं. पण तो माऊली, काय देवमाणूस! उठला, आपल्या मोबाइलचं इंटरनेट जोडलं, डब्यात दुसरं काही तरी टाकलं, आणि जल्दी चालू केला आवाज. मंग पोरीचा आवाज ऐकला आणि सगळे गप! अप्पाराव म्हणले, आवाजात गोडी हाय, धीटपणा हाय, आता पाहायचं काय राह्यलं? तो पोरगा नसता ना, अब्रू गेल्ती आज."

आईने माझ्या तोंडात पेढा घातला. मला तो गिळता येईना, थुंकताही येईना. तोंडात पेढा धरून मी अण्णांच्या पाया पडले.

माऊली पुढच्या दिवशी आला. अण्णा मोंढ्यात गेले होते, आई स्वयंपाकघरात होती. तो उंबऱ्याच्या आत आला आणि तिथेच उभा राहिला. अंगातला शर्ट भिजून चिकटला होता. मी बसा म्हणाले नाही.

"का केलंस?" मी विचारलं.

"तू केल्तं ते... बघितल्याबराबर समजलं मला."

"समजलं होतं? समजूनही—"

"ऐकून तर घे." तो खाली बघत बोलत होता. "पहिल्यांदा मी हाललो न्हाई. अण्णा माझ्याकडे बघून राह्यले, तरी हाललो न्हाई. म्हटलं, होऊ दे. एकजण म्हणला, मुकी हाय का काय? हसले सगळे. तरी बसलो. मंग एक पोरगं उठलं. टीव्हीजवळ गेलं. तुझे ओठ हलायचे, आणि ते त्यावर आपला आवाज लावायचं. बायकी आवाज काढून... 'मला भाकरी येत न्हाई, मला पाटील नवरा पाहिजे...' असलं. बायका पदर तोंडाला लावून हसायल्या. फोनवरून तोही हसत होता, गिरिधर. तू तिथं हिरव्या साडीत उभी, आणि हे सगळे..."

"हसू द्यायचं होतं!" मी दबक्या आवाजात ओरडले. "तेच तर हवं होतं मला. हसून हसून नाही म्हणाले असते! माझं काय झिजणार होतं?"

"समजून राह्यलं होतं मला. सगळं समजून राह्यलं होतं. गप बसलो तर तू माझी, इतकं सरळ होतं ते. पण अर्पिता... हात थांबेचना. तुला कोणी हसावं, आणि मी तिथं बसून बघावं... न्हाई जमलं मला."

मला त्याला मारावंसं वाटलं. मला त्याच्या छातीवर डोकं ठेवावंसं वाटलं. यातलं काहीच मी केलं नाही. स्वयंपाकघरातून भांड्यांचा आवाज येत होता.

"पळून जाऊ," मी म्हणाले. "आत्ता. संभाजीनगरची बस असेल."

तो दचकला, त्याने डोळे मिटून घेतले. त्याच्या मनातही ते आलेलं असणार, नाहीतर इतका दचकला नसता. "काल रात्रभर तेच करून राह्यलो मनात. आपण जाऊ, मजेत राहू. ताईला मंग कोण दारात उभं करंल? पळून गेलेल्याची बहीण म्हणतील. आणि अण्णा... सुपारी फोडताना त्यांनी माझा हात धरल्ता. मला जवळ बसवून घेतलं. अर्धी सुपारी माझ्या हातावर ठेवली, म्हणले, तू घरचाच."

"खाल्लीस?"

"सगळे बघून राह्यल्ते."

मी तोंडावर ओढणी घट्ट धरली. रडण्याचा आवाज आत जायला नको होता. तो एक पाऊल पुढे आला, थांबला. आयुष्यात त्याने मला कधी बोटही लावलं नव्हतं, आणि तेव्हाही लावलं नाही.

"मी कधी तोंडानं बोललो न्हाई ना?" तो म्हणाला. "वाटलं, ताईचं झाल्यावर सांगायचं, थाटात, तुझ्या अण्णासमोर. आता तसं तर होत न्हाई. लय जीव हाय माझा तुझ्यावर. त्या दुकानात भांडून राह्यल्ती ना, तेव्हापासून."

"आत्ता सांगतोस!"

"मंग कधी सांगू?"

मी म्हणाले, "माझाही आहे." एवढंच. इतके दिवस जे शब्द मनात घोळवले होते, छान छान, ते सगळे कुठल्या कुठे गेले. तो मान हलवून वळला. दारात चप्पल घालताना त्याचा पाय दोनदा चुकला. फाटकाबाहेर मोटारसायकल चालू व्हायला वेळ लागत होता. चालू होऊ नये, असं वाटत असतानाच ती चालू झाली आणि आवाज हसनाबादच्या रस्त्याला लागला.

आई चहा घेऊन बाहेर आली. "गेला का? त्याच्यासाठी आलं टाकल्तं." कप टीपॉयवर ठेवत ती आपल्याच नादात बोलत राहिली. तिला लग्नाच्या शंभर काळज्या. "तू जाशील सासरी. लग्नाचा व्हिडिओ येईल, तो मेला आपल्या टीव्हीवर लागायचा न्हाई. त्याचा नंबर मला भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहून ठेव बाई. बिघडलं की त्यालाच बोलवीन."

"नको बोलवू त्याला." मी डोळे पुसले. "मी शिकवून जाते तुला. सोपं आहे. मला येतं सगळं."

"तुला येतं?"

"येतं."

"मंग वर्षभर काहून त्याला—"

आई थांबली. तिने दाराकडे पाहिलं, मग माझ्याकडे, माझ्या डोळ्यांकडे. हळूहळू ती खुर्चीत बसली, गुडघे धरून, एकदम थकल्यासारखी.

"त्याला ठावं हाय?" तिने अगदी बारीक आवाजात विचारलं.

"हो."

"आणि तरी त्यानंच काल..."

"हो, आई."

मग तिने मला जवळ ओढलं, लहानपणी ओढायची तसं, आणि माझ्या केसांत तोंड खुपसून रडली. "तोंडानं बोलायचं होतंस गं पोरी," ती म्हणाली. "अण्णानं विचारलं तेव्हा तरी बोलायचं होतंस. मी गेले असते त्याच्या आईकडे. त्याच्या ताईसाठी माझ्या माहेरात स्थळ होतं एक."